आपल्या माणसांत राहण्याचा हक्क

(ज्युबिली समारंभाच्या सभेत झालेले भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली, याबद्दल आम्ही चालकांचे मनःपूर्वक आभारी आहोत. अशा प्रसंगी धर्मग्रामाचा इतिहास सांगावा, ज्यांनी डोक्यावरून दगड वाहून हे मंदिर उभारले त्या पूर्वजांचे स्मरण करावे, ही रीतच आहे. आणि ते काम आमच्याहून जाणत्या वक्त्यांनी या व्यासपीठावरून उत्तम प्रकारे पार पाडलेही आहे. आम्ही मात्र आपणांपुढे निराळा विषय मांडणार आहोत. ज्यांची नावे आपल्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत आहेत, परंतु ज्यांची पावले या मंडपापर्यंत पोहोचली नाहीत, अशा आपल्या अंध, बधिर, पंगू, मंदबुद्धी आणि मनोरुग्ण बांधवांचा हा विषय आहे. त्यांनी कोठे राहावे, कोणाबरोबर राहावे आणि ते कोणी ठरवावे, हा प्रश्न केवळ दयेचा नसून न्यायाचा आहे व म्हणून कायद्याचाही आहे, एवढेच आम्हांस आज सांगावयाचे आहे.

सरकारदरबारी सांप्रत ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ झाला आहे. जुन्या वळणाची माणसे ‘अपंग’ म्हणतात. आम्ही दोन्ही शब्द वापरू, कारण माणसाचा मान शब्दापेक्षा आपल्या वर्तनानेच अधिक राखला किंवा घालविला जातो.

प्रथम ‘ज्युबिली’ या शब्दाकडेच वळू. आज आपण तो उत्सव या अर्थी वापरतो. मूळ इस्राएल लोकांत ज्युबिली हा कायदा होता. लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायात तो सविस्तर दिला आहे. दर पन्नासाव्या वर्षी देशभर शिंग फुंकावे, गरिबीमुळे विकली गेलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जावी, आणि जो मनुष्य परक्या दारी राबत असेल त्याने आपल्या वतनावर, आपल्या कुळात परत जावे, अशी ती आज्ञा. धन्यास दया आली तर त्याने सोडावे, असे मोशेने म्हटले नाही. वर्ष भरले की परत जाण्याचा हक्क आपोआप प्राप्त होई. धन्याच्या मर्जीवर तो अवलंबून नसे. त्याच ग्रंथाच्या १९ व्या अध्यायात बहिऱ्यास शाप देऊ नये व आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये, अशीही आज्ञा आहे. बहिऱ्यास शाप ऐकू येत नाही, आंधळ्यास अडथळा ठेवणारा दिसत नाही. तेव्हा ज्याची तक्रार कोणी ऐकणार नाही, त्याच्यासाठी ईश्वराने स्वतः कायदा केला. कायदा आणि करुणा यांचे वैर आहे, असे मानणाऱ्यांनी हे दोन अध्याय एकदा वाचून पाहावेत.

आता आपल्या देशाकडे पाहू. २०११ सालच्या जनगणनेत भारतात २ कोटी ६८ लक्ष अपंग मोजले गेले. त्यांपैकी महाराष्ट्रात सुमारे २९ लक्ष ६३ हजार. तेव्हाच्या खानेसुमारीत अपंगत्वाचे मोजकेच प्रकार धरले होते. पुढे २०१६ च्या अधिनियमाने २१ प्रकार मान्य केले, सबब खरी संख्या याहून बरीच मोठी असली पाहिजे. इतकी माणसे आहेत, मग ती दिसत का नाहीत? बाजारात, एस.टी.त, लग्नमंडपात, रविवारच्या मिस्सेला ती का आढळत नाहीत? त्यांतील पुष्कळजण आतल्या खोलीत आहेत. सणाच्या दिवशी सारे घर देवळात जाते, तेव्हा ती घर राखण्यासाठी मागे राहतात. आणि काहीजण फार लांब, ओळखीचे कोणी नसलेल्या एखाद्या मोठ्या आवाराच्या आत आहेत.

ज्या मातेच्या पोटी असे लेकरू असते, तिच्या मनात एक प्रश्न रात्रंदिवस जागा असतो: ‘आमच्यामागे ह्याचे काय?’ पूर्वी वाडीत एकत्र कुटुंब होते. आजी होती, काकू होती, सोबतीला चुलत भावंडे होती. ज्यास बोलता येत नसे तोही विहिरीवर पाणी शेंदी, गुरांमागे जाई, ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्यास ओळखी. त्याचे सारे आयुष्य सुखाचे होते, असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळांची हेटाळणी झाली, काहींना दोरीने बांधूनही ठेवले गेले. परंतु तो गावाचा होता. आज एक मुलगा आखातात, दुसरी मुलगी कॅनडात, घराचे दोन खोल्यांचे बिऱ्हाड झालेले, आणि सत्तरी ओलांडलेली माता चाळीस वर्षांच्या मुलास स्नान घालते आहे. तिला शेजाऱ्यांची दया हवी आहे, हे खरे. पण दयेस सवड असावी लागते, आणि शेजाऱ्यासही आपले घर आहे. तिच्या प्रश्नाचे उत्तर कोणा एका दयाळू माणसाच्या आयुष्याहून अधिक टिकणारे असले पाहिजे. असे टिकाऊ उत्तर देण्यासाठीच समाज कायदे करतो.

समाजात राहणे म्हणजे केवळ गावात छप्पर असणे नव्हे. आपण कोणाबरोबर राहावे, केव्हा उठावे, काय जेवावे, कोणास भेटावे, कोणत्या मंदिरात प्रार्थनेस जावे, आपल्या पैशाचे काय करावे, या साध्या गोष्टी आपण दररोज न विचार करता ठरवितो. मोठ्या संस्थेत त्या घंटा ठरविते. संस्था स्वच्छ असेल, चालक प्रेमळ असतील, अन्न वेळेवर मिळत असेल. तथापि शंभर माणसांस एकाच घंटेने उठविले म्हणजे त्यांपैकी एकाचेही स्वतःचे असे घर उरत नाही. ज्याने कोणताही अपराध केला नाही, त्याचे आयुष्य बंदिवानाच्या वेळापत्रकाने का चालावे?

प्रभू येशूच्या चरित्राकडे पाहिले तर या प्रश्नाचे उत्तर मिळते. मार्ककृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात गरसेकरांच्या प्रांतातील एक मनुष्य येतो. लोकांनी त्यास बेड्यांनी व साखळ्यांनी बांधून पाहिले होते. तो कबरींमध्ये राहत असे, म्हणजे जिवंतपणीच त्याची रवानगी मेलेल्यांत झाली होती. प्रभूने त्यास बरे केले. तेव्हा, मला तुमच्याबरोबर येऊ द्या, अशी विनंती तो करू लागला. इतर कित्येकांस ‘माझ्यामागे ये’ म्हणणाऱ्या प्रभूने ह्याची विनंती मात्र मान्य केली नाही. त्यास त्याच्या घरी, त्याच्या माणसांकडे धाडले. शिष्यमंडळात एक जागा देणे प्रभूस अवघड नव्हते. परंतु त्या मनुष्याचे जे हिरावले गेले होते ते घर होते, गाव होता. आणि तेच त्यास परत मिळाले पाहिजे, असे प्रभूने ठरविले. दुसऱ्या अध्यायातील पक्षाघाती मनुष्याची गोष्टही अशीच. दारात गर्दी असल्याने चौघांनी छप्पर उकलून त्यास खाली सोडले. आणि बरे झाल्यावर त्यासही आपली बाज उचलून घरी जाण्याचीच आज्ञा झाली. येणाऱ्यास दार अपुरे पडत असेल तर छप्पर उघडावे, हा त्या चौघांचा धडा आपल्या इमारती बांधणाऱ्यांनी घेण्यासारखा आहे.

कायदा हे दुधारी शस्त्र आहे, हेही विसरून चालणार नाही. तो दार उघडतो, तसे लावूनही घेतो. १८९८ सालच्या कायद्याने निर्धन महारोग्यांस धरून आश्रमात डांबण्याची सोय केली. तो कायदा रद्द होण्यास २०१६ साल उजाडावे लागले. १९१२ सालच्या वेड्यांच्या कायद्यात मनोरुग्णास सांभाळण्यापेक्षा त्यास समाजापासून दूर ठेवण्याकडेच अधिक लक्ष होते. तो १९८७ चा नवा कायदा १९९३ साली अमलात येईपर्यंत चालू राहिला. आपणां ख्रिस्ती लोकांस लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यातदेखील महारोग हे विवाहविच्छेदाचे एक कारण म्हणून नमूद होते. औषधाने हा रोग पुरता बरा होतो, हे सिद्ध होऊन किती तरी वर्षे लोटल्यावर, २०१९ साली संसदेने ते कारण आपल्या व इतर धर्मीयांच्या कायद्यांतून काढून टाकले. 

आणि जेथे कायद्याची नजर पोहोचत नाही तेथे काय होते, हे ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी या गावी दिसले. एका खाजगी आश्रयस्थानात मनोरुग्णांस साखळीने बांधून ठेवले होते. पहाटे आग लागली. मोकळी माणसे पळाली. बांधलेली पळू शकली नाहीत. २८ जण मृत्यू पावले. त्यांना तेथे आणून सोडणारे त्यांचेच नातलग होते, आणि त्यांतील बहुतेकांना दुसरी वाट ठाऊक नव्हती. एरवाडीचे नाव आम्ही कोणा एका धर्माकडे बोट दाखविण्यासाठी घेत नाही. लाचारी सर्व धर्मांत सारखीच असते.

सुदैवाने गेल्या तीस वर्षांत वारा पालटला आहे. १९९५ साली आपल्या संसदेने अपंगांसाठी पहिला व्यापक अधिनियम केला. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने स्वमग्न, मेंदूच्या पक्षाघाताने बाधित, मतिमंद व बहुविकलांग व्यक्तींस आपल्या समाजात व समाजाच्या जवळ राहता यावे, हे ध्येयच लिहून ठेवले. १३ डिसेंबर २००६ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने अपंगांच्या हक्कांचा करार संमत केला. त्याच्या १९ व्या कलमात अपंग मनुष्यास इतरांच्या बरोबरीने समाजात राहण्याचा व आपले राहण्याचे ठिकाण निवडण्याचा हक्क आहे, असे म्हटले आहे. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्या करारास मान्यता दिली. त्या वचनास अनुसरून ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६’ हा कायदा झाला व १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला.

या कायद्यातील चार गोष्टी प्रत्येक कुटुंबाने जाणून घ्याव्यात. पाचव्या कलमाने दिव्यांग व्यक्तीस समाजात राहण्याचा हक्क दिला आहे. नवव्या कलमान्वये केवळ अपंगत्वाच्या कारणावरून मुलास आईबापांपासून तोडता येत नाही. मुलाच्या हितासाठी न्यायालयाने आज्ञा केली तरच ते होऊ शकते. तसेच आईबाप सांभाळण्यास असमर्थ असतील तर न्यायालयाने प्रथम जवळच्या नातलगांकडे, ते नसल्यास समाजातच एखाद्या कुटुंबात मुलाची सोय करावी. आश्रयगृहाचा विचार केवळ अपवाद म्हणून करावा. तेराव्या कलमाने दिव्यांग व्यक्तीस मालमत्ता धारण करण्याचा व आपले आर्थिक व्यवहार पाहण्याचा अधिकार दिला. आणि मदत करणाऱ्याचा स्वार्थ ज्या व्यवहारात गुंतला असेल, त्या व्यवहारात त्याने मदतनीस म्हणून राहू नये, असे बजाविले. चौदाव्या कलमातील मर्यादित पालकत्वही त्या व्यक्तीच्या इच्छेस धरूनच चालविले पाहिजे.

तेराव्या कलमापाशी आम्ही क्षणभर थांबतो. आपल्या वाड्यांतील जमिनीस आज केवढा भाव आला आहे, हे येथे बसलेल्या कोणासही सांगावयास नको. आईबाप निवर्तले, भावंडांनी वाटणी मांडली, आणि ज्यास वाचता येत नाही त्या भावाचा अंगठा हक्कसोडपत्रावर उमटला. मग त्याची रवानगी लांबच्या आश्रमात झाली, आणि ‘तेथे त्याची चांगली सोय होते’ असे चारचौघांत सांगितले गेले, असे घडणे मुळीच कठीण नाही. ज्युबिलीच्या कायद्याने जमीन आणि घर या दोन गोष्टी एकत्र का बांधल्या होत्या, ते येथे उमगते. ज्याचे सात-बारावरचे नाव गेले, त्याचे घरातले पानही फार दिवस राहत नाही.

मनोरुग्णांसाठी २०१७ साली ‘मानसिक आरोग्यसेवा अधिनियम’ झाला. तो २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या १९ व्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की, कुटुंब नाही, कुटुंब नेत नाही, घर नाही किंवा समाजात सोय नाही, एवढ्याच कारणावरून कोणासही मनोरुग्णालयात राहावे लागू नये. आपल्या राज्यात येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. रोग बरा झाला, औषध घेऊन मनुष्य नीट वागू लागला, पण न्यावयास कोणी आले नाही, म्हणून वर्षानुवर्षे आतच राहिलेल्या माणसांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, व २०१७ साली त्यांच्या पुनर्वसनाविषयी न्यायालयाने आदेश दिले. पुढे २०१९ साली त्याच न्यायालयास महाराष्ट्र सरकारला बजावावे लागले की, बऱ्या झालेल्या माणसांस भिक्षेकरीगृहात वा वृद्धाश्रमात हलविणे हे पुनर्वसन नव्हे. ते ताबडतोब थांबवावे. एका भिंतीतून काढून दुसऱ्या भिंतीत घातल्याने मनुष्य घरी पोहोचत नाही, हे सांगण्यास देशाच्या सर्वोच्च न्यायासनाचा वेळ खर्ची पडावा, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

मग आता कायदे झालेच आहेत, तर आम्ही आणखी काय मागतो, असे कोणी विचारील. उत्तर कायद्याच्या भाषेतच आहे. २०१६ च्या अधिनियमाचे पाचवे कलम हक्क देते खरे. परंतु घरपोच मदत, सोबतीचा मदतनीस, गावातच राहण्याची सोय, या गोष्टींच्या बाबतीत सरकार ‘प्रयत्न करील’ एवढेच ते म्हणते. २०१७ च्या अधिनियमाचे १९ वे कलम समाजातील छोटी निवासगृहे काढण्याची जबाबदारी सरकारवर टाकते. पण मुदत ‘वाजवी कालावधी’ची. बंधुभगिनींनो, आपण सावकाराकडून कर्ज काढले आणि ‘वाजवी कालावधीत फेडण्याचा प्रयत्न करीन’ असे लिहून दिले, तर तो कागद घेईल काय? ज्या हक्काला मुदत नाही, पैसा नाही आणि उत्तरदायी अधिकारी नाही, तो हक्क मेजवानीच्या पत्रिकेसारखा आहे. पत्रिका हाती आहे, मंडपाचा पत्ता नाही.

पक्का कायदा कसा असतो, हे स्वीडन देशात दिसते. तेथे १९९३ साली झालेला व १९९४ च्या आरंभापासून लागू असलेला कायदा गंभीर अपंगत्व असलेल्या मनुष्यास व्यक्तिगत मदतनीसाचा हक्क देतो. अर्ज नाकारला गेला तर त्यास न्यायालयात दाद मागता येते. तेथेही कोणास किती तास मदत द्यावी, यावर वाद होतात. परंतु वाद हक्काच्या मापाविषयी असतो. हक्क आहे की नाही, याविषयी नसतो.

उलट बाजूचा धडा अमेरिकेने शिकविला आहे. तेथील पहिले कॅथलिक अध्यक्ष जॉन केनेडी यांची धाकटी बहीण रोझमेरी जन्मतः मंदबुद्धी होती; मेंदूवरील एका शस्त्रक्रियेने तिची अवस्था अधिकच बिकट झाली, आणि तिचे पुढील बहुतेक आयुष्य धर्मभगिनींच्या एका संस्थेत गेले. ३१ ऑक्टोबर १९६३ रोजी केनेडी यांनी एका कायद्यावर सही केली. मोठी वेड्यांची इस्पितळे रिकामी व्हावीत व ठिकठिकाणी लोकवस्तीत उपचारकेंद्रे निघावीत, असा त्यामागे हेतू होता. हेतू थोर होता. पण पुढल्या काळात इस्पितळे रिकामी झाली आणि पुष्कळशी केंद्रे उभीच राहिली नाहीत. कित्येक दुर्दैवी माणसे रस्त्यावर आली, कित्येक तुरुंगात गेली. एतावता, दार उघडणे हे अर्धेच काम आहे. बाहेर पडणाऱ्यासाठी बाहेर काहीतरी असले पाहिजे.

हे ‘बाहेर’ कसे असावे, याचा सर्वांत जुना दाखला मात्र आपल्याच पवित्र मातासभेच्या इतिहासात आहे. बेल्जियम देशात गेल नावाचे एक गाव आहे. संत डिम्फना हिच्या समाधिस्थानी मनोरुग्णांस घेऊन मध्ययुगापासून यात्रेकरू येत. मंदिरालगतची रुग्णांची खोली अपुरी पडू लागली, तेव्हा गावकरी त्यांस आपल्या घरी ठेवून घेऊ लागले. काही आठवड्यांसाठी आलेले पाहुणे वर्षानुवर्षे राहिले. शेतात राबले, मुलांना खेळविले, जेवणाच्या मेजावर त्यांची जागा ठरून गेली. त्यांस रोगी न म्हणता घरचा बिऱ्हाडकरू म्हणण्याची तेथे रीत आहे. १९३८ सालाच्या सुमारास या एका गावात साडेतीन हजारांहून अधिक बिऱ्हाडकरू होते. 

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, ही परंपरा केवळ भाविकतेवर टिकली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सरकारने ती आपल्या देखरेखीखाली घेतली. सांभाळणाऱ्या कुटुंबास खर्चासाठी वेतन मिळू लागले, पाठीशी वैद्य व इस्पितळ उभे राहिले, बिऱ्हाडकरूस कोणी छळीत नाही ना, हे पाहण्याची व्यवस्था झाली. बीज भक्तीने पेरले आणि कुंपण कायद्याने घातले. आज तेथील संख्या पुष्कळ घटली आहे. तेथेही घरे लहान झाली, स्त्रीपुरुष दोघेही कामास जाऊ लागले. तरीही ती प्रथा चालू आहे, आणि २०२३ साली युनेस्कोने जपण्यायोग्य वारशाचा उत्तम नमुना म्हणून तिचा गौरव केला.

आमच्या बोलण्याने आपल्या धर्मभगिनींचा व धर्मबंधूंचा अनादर होतो आहे, असा समज कृपया कोणी करून घेऊ नये. ज्यांस आप्तांनी टाकले, रस्त्याने टाकले, त्यांस ज्या हातांनी उचलले, ते हात आम्हांस वंद्यच आहेत. वादळात सापडलेल्या होडीस बंदर हवे. परंतु कोळी काही जन्मभर बंदरात राहण्यासाठी समुद्रात जात नाही, त्यास घर गाठावयाचे असते. ज्यांस चोवीस तास शुश्रूषा लागते अशी माणसे राहणारच. त्यांच्यासाठीही चार-सहा जणांचे लहान घर, ओळखीच्या वस्तीत, देवळाची घंटा ऐकू येईल इतक्या अंतरावर असू शकते. आणि अशी घरे चालविण्यास अनुभवाने योग्य असे कोणी असतील तर ते आपले धर्मबंधू व धर्मभगिनीच होत.

‘सरकारकडे पैसा कोठे आहे?’ हाही आक्षेप नेहमी येतो. पैसा मुळीच नाही, असे नाही. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असा शासनाचा दंडक आहे. ती रक्कम कशावर खर्च झाली, हे ग्रामसभेत उभे राहून कितीजणांनी विचारले? विचारणारा नसला की पैसा वर्षअखेरीस कोठल्या तरी वस्तुवाटपात संपतो, आणि मातेच्या मदतीस दोन तास बाई पाठविण्यासाठी मात्र तरतूद नसते.

यास्तव आमच्या मते आपल्या मागण्या पाच असाव्यात. पहिली: पाचव्या कलमातील ‘प्रयत्न करील’ हे शब्द जाऊन तेथे ‘पुरवील’ असा शब्द यावा, आणि मदतनीस मिळण्याचा हक्क न्यायालयात सांगता यावा. दुसरी: मनोरुग्णालयातून बऱ्या झालेल्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात लहान निवासगृहे काढण्यास ठराविक मुदत व ठराविक रक्कम कायद्यानेच बांधून द्यावी. तिसरी: ज्यास अधिक आधार लागतो त्याने तो मागावा, अशी तरतूद २०१६ च्या अधिनियमाच्या ३८ व्या कलमात आहे, तो आधार कुटुंबात राहूनच मिळावा, आणि सांभाळणाऱ्या आईबापांस अधूनमधून विसाव्याची सोय असावी. चौथी: रस्ते, बस, दवाखाने व कचेऱ्या सर्वांस वापरता येतील अशाच असाव्यात. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीतले नियम केवळ शिफारशीवजा असून चालणार नाही, ते बंधनकारक असले पाहिजेत, असा निर्णय दिला आहे; तो कागदावर राहू नये. पाचवी: या सर्व बाबी ठरविताना दिव्यांगांसच विचारावे. ज्याच्या घराचा नकाशा काढावयाचा, त्यास ओटीवरही न बोलाविणे हे शहाणपणाचे नाही.

कायदे मुंबईत व दिल्लीत होतात. परंतु त्यांचे बळ आपल्या धर्मग्रामातून जाते. निवडणुकीत मते मागण्यास येणाऱ्या प्रत्येक उमेदवारास, पक्ष कोणताही असो, या पाच मागण्या विचाराव्यात. आपल्या सुशिक्षित तरुणांनी वाडीवाडीतून फिरून कोणाकडे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व ओळखपत्र नाही, याची यादी करावी. त्यावाचून सरकारी मदतीचे पहिले दारच उघडत नाही. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लक्ष रुपयांपर्यंतच्या आरोग्यविम्याची सोय आहे, ती पात्र कुटुंबांस समजावून द्यावी. त्याच अधिनियमाखाली अठरा वर्षांवरील व्यक्तीस पालक नेमणारी समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीशी निगडित असते. आईबापांनी डोळे मिटण्यापूर्वीच तेथे विचारपूस करावी. आपल्यातील वकिलांनी महिन्यातून एक सायंकाळ या कामास दिली तरी किती तरी घरांतील काळजी हलकी होईल.

आणि जे कायद्याने होत नाही, ते आपण करावे. मंदिराच्या पायऱ्यांशेजारी उतरण बांधण्यास कोणा मंत्र्याची परवानगी लागत नाही. मंदबुद्धी मुलांसही त्यांच्या कुवतीप्रमाणे धर्मशिक्षण मिळेल याची काळजी धर्मग्रामाच्या मुख्य धर्मगुरूंनी घ्यावी, असे १९८३ च्या धर्मसभेच्या कायद्यात, ७७७ व्या कलमात सांगितले आहे. तेव्हा या विषयी मातासभेनेही दयेवर न थांबता कायदाच केला आहे, हे ध्यानी येईल. आठवड्यातून एक दुपार एखाद्या मातेस उसंत मिळावी म्हणून तिच्या मुलाजवळ जाऊन बसणे, लग्नाच्या आमंत्रणात त्याचेही नाव घेणे, मिस्सेनंतर त्याच्याशी दोन शब्द बोलणे, ही कामे कोणतेही सरकार करू शकणार नाही. कायदा मदतनीस देईल. मित्र देऊ शकणार नाही. परंतु मित्र भेटेपर्यंत मनुष्य आपल्या गावात टिकला पाहिजे, आणि तो टिकविण्याचे काम कायद्याचे आहे.

आज ज्युबिलीनिमित्त मंदिरास नवा रंग लागला, घंटेचा आवाज दूरवर गेला. जुन्या काळी ज्युबिलीचे शिंग वाजले म्हणजे परक्या दारी राहिलेली माणसे घरची वाट धरीत, आणि वाटेत त्यांस अडविण्याचा अधिकार कोणास नसे. आपल्या धर्मग्रामातील जी माणसे आज दूर आहेत, त्यांच्या नावांची यादी या महोत्सवी वर्षात तयार व्हावी. त्यांतील ज्यांची घरी येण्याची इच्छा असेल त्यांस काय काय लागेल, ते धर्मग्राम समितीने लिहून काढावे. आणि जे आपल्या शक्तीबाहेरचे असेल ते सरकारकडे हक्काने मागावे, अशी आमची सर्वांस नम्र विनंती आहे.

 पवित्र मरिया माता आपल्या प्रत्येक घराचे रक्षण करो, आणि त्या घरातील सर्वांत दुर्बळ जीवास त्याच घरात मानाने राहण्याचे भाग्य लाभो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.